ठिगळ घेऊन धर्मापुरीला

परत आल्यापासून लोक विचारतात, बीड जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे? मी सांगतो, लिंबागणेशचा गणपती बघा, धर्मापुरीचं जुनं देऊळ बघा आणि येसराची आमटी कुणी वाढली तर सोडू नका. हे सगळं खरं आहे. पण मी त्यातलं काहीच बघायला गेलो नव्हतो. मी गेलो होतो काडेपेटीएवढा कागदाचा एक तुकडा पोचवायला.

हा तुकडा मला चिपळूणला माझ्याच घरात सापडला. एका जाडजूड पुस्तकात मी तो खूण म्हणून घातला होता आणि त्या पानाच्या पुढं पुस्तक वाचलं नव्हतं, हे माझ्या एकूण स्वभावाला धरूनच झालं. तुकड्याच्या मागं माझ्या अक्षरात ‘गॅस संपला, सांगणे’ असं लिहिलेलं. पुढच्या बाजूला बारीक चौकोन आणि प्रत्येक चौकोनात शून्यापासून सातापर्यंतचा एकेक आकडा, टोकदार पेन्सिलीनं, हलक्या हातानं काढलेला. ते अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. खुर्ची मात्र लागली.

वडलांची बदली परळीला झाली तेव्हा मी आठवीत होतो. तिथं आम्हाला गणिताला वाघमारे सर होते आणि सरांना एक वेड होतं. चौकटीच्या वहीचं पान घ्यायचं. प्रत्येक चौकोन म्हणजे एक घर, घरात एक आकडा. घराला आपल्या चार शेजाऱ्यांपलीकडचं काही दिसत नाही. शेजाऱ्यांचे आकडे बघायचे आणि ठरलेल्या नियमानं आपला बदलायचा, सगळ्या घरांनी एकदम. कुणी मुकादम नाही, अख्खं पान कुणालाच दिसत नाही. तरी, सर म्हणायचे, आकडे नीट मांडले तर या पानावर जगातला कुठलाही हिशोब सुटतो. आणि अशीही मांडणी जमते की ती शेजारच्या रिकाम्या जागेत स्वतःचीच दुसरी प्रत बांधून काढते. मोठ्या डोक्याच्या माणसांनी हे परदेशात कधीच सिद्ध केलं होतं. सरांना ते आपल्या हातानं, आपल्या नियमानं, आठ आकड्यांत करायचं होतं. त्यात अकरा वह्या भरल्या आणि नोकरी संपली.

सात वर्षांपूर्वी त्यांनी त्या वह्या माझ्याकडं दिल्या. मी कॉलेजात संगणक शिकवतो, म्हणजे मुलांना जे येत असतं ते मी त्यांच्याकडून शिकतो. दोन सुट्ट्या घालवून मी सगळे आकडे संगणकात उतरवले आणि सरांचं यंत्र, म्हणजे ती आकड्यांची मांडणी, चालवून बघितलं. त्यानं शेजारी आपली प्रत बांधायला घेतली, बरीचशी बांधली आणि मग एकच भिंत वेड्यासारखी पुन्हा पुन्हा बांधत बसलं. मी वह्या परत पाठवल्या, सोबत चिठ्ठी: ‘सर, चालत नाही. कुठंतरी तुमची चूक आहे.’

‘तुमची.’ एवढा शब्द तरी गाळायला हवा होता.

कारण ती चूक सरांनी फार पूर्वीच शोधली होती आणि दुरुस्तीचं ठिगळ खळीनं त्या जागी चिकटवलं होतं. माझ्या घरी खळ सुटली, ठिगळ निघालं, आणि नेमका त्याच वेळी आमच्याकडचा गॅस संपला. मी संगणकात उतरवलं ते ठिगळाखालचं. ती माझी प्रतही आता नाही. दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये जुना संगणक दिला तेव्हा दुकानदारानं विचारलं, ‘यात महत्त्वाचं काही?’ मी म्हटलं, ‘नाही हो, गाणी आहेत.’ मूळ वह्या सरांकडं आहेतच, हा माझा हिशोब.

म्हणून ठरवलं, जायचं, ठिगळ द्यायचं, माफी मागायची, वह्यांच्या पानापानाचा फोटो काढायचा आणि या वेळी यंत्र चालवून दाखवायचं. घाई होती. वर्गमित्राकडून कळलं होतं की सरांना काचबिंदू झालाय, उजवा डोळा गेला आहे आणि डाव्या डोळ्यानं उजेड-सावली तेवढी दिसते. पडद्यावर एकेक घर वाटीएवढं करून दाखवलं तर कदाचित दिसेल. अजून.

लिंबागणेश

बीडला सकाळी उतरलो. अंबाजोगाईची गाडी समोर उभी होती. ज्याला घाई आहे असा माणूस तीत बसला असता. मी लिंबागणेशच्या गाडीत बसलो. आधी देवाच्या पाया पडू, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की सहा वर्षांत मी सरांना एक फोन केला नव्हता. गाभाऱ्यात हात जोडून विघ्नहर्त्याला साकडं घातलं तेव्हा कुठं ध्यानात आलं की या प्रकरणातलं विघ्न मीच. देवाला कामात अडचण नको म्हणून लगेच बाहेर पडलो, चप्पल घातली आणि निघालो.

“ओ भाऊ! ती माझी हाय.”

मागं एक दांडगा गृहस्थ एका पायावर उभा.

“नाही हो, माझीही अशीच आहे.”

“बगा की खाली. येक तुमची, येक माझी. अन् दोन्ही डाव्या घातल्यात तुमी. चालताना कायबी कळंना व्हय?”

कळत होतं, पण सध्या सगळंच वाकडं चाललंय म्हणून मी त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. हा उत्तम. मंडपवाला. देवळाजवळच्या कुठल्याशा कार्यक्रमाच्या खुर्च्या टेम्पोत भरून तो अंबाजोगाईकडं निघाला होता. कुठं जायचंय विचारलं, मी वाघमारे सरांचं नाव घेतलं, आणि त्यानं माझी पिशवी न विचारता पुढच्या सीटवर टाकली.

“मलाबी तेच होते की गनिताला. नापास केलतं मला दोन डाव. लई चांगला मानूस.”

मांजरसुंब्याच्या पुढं

आमच्या कोकणात रस्त्याला चार हात मोकळी जागा दिसली की झाड उगवतं. इथं नजर फेकली तर परत यायला वेळ लागतो. ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या, मधेच एखादं चिंचेचं झाड आणि त्याखाली झोडपलेल्या चिंचा गोळा करणाऱ्या बाया. ऊन असं की टेम्पोच्या दारावर कोपर ठेवला आणि तसाच उचलला. मागं दोरीनं बांधलेल्या खुर्च्या खडखडत होत्या.

“ह्याच खुर्च्या,” उत्तम म्हणाला. “ह्याच गेलत्या सरांच्या त्या खेळाला.”

“कुठल्या खेळाला?”

तेव्हा सर एका गावच्या शाळेवर होते. गावाचं नाव उत्तमनं सांगितलं. मी लिहीत नाही, कारण दुसरं कुठलंही घातलं तरी चालेल. वहीतलं वेड गावाला डोळ्यांनी दाखवावं असं सरांच्या मनात आलं. शाळेच्या मैदानात अकरा रांगा, रांगेत अकरा खुर्च्या. कोण कुठं बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. प्रत्येकाला एक टोपी. शिट्टी वाजली की आपल्या पुढच्या, मागच्या, डाव्या, उजव्या माणसाकडं बघायचं. त्यांच्यातल्या टोप्या विषम असल्या तर आपण टोपी घालायची, सम असल्या तर काढायची. मधोमध टोप्यांची एक आकृती मांडायची आणि चार शिट्ट्यांत तिच्या चार दिशांना चार आकृत्या व्हायच्या. सर शाळेच्या गच्चीवर शिट्टी घेऊन उभे.

“मग?”

“मग काय! येक सून चिट्टीनं आली सासऱ्याच्या शेजारी. तिनं पदर वढला नाकापोतूर. आता म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी हाय का न्हाई, ती कशी बगनार? तिकडं दोगं भाऊ, बांधावरनं बोलचाल बंद. त्येंनी खुर्च्याच फिरिवल्या, पाठीला पाठ. अन् मग सुरू झालं. ह्यो म्हनतो मला तितं नको, ती म्हनती मी हितं बसत न्हाई. सर वरनं वरडतेत, जागा सोडू नका, जागा सोडू नका! कोन ऐकतंय? पाच मिंटात बगतो तर वरची गल्ली वर, खालची गल्ली खाली, पाटलाचं घर मदी. अन् सरांच्या वस्तीतली मान्सं पार कडंला, शेवटच्या रांगंत.”

“सर काय म्हणाले?”

“सर हासले. मला म्हनले, उत्तम, झाली बग नक्कल. येक घर न चुकता झाली.”

मी मोठ्यानं हसलो. उत्तम हसत नाही हे बघितल्यावर थांबलो. केज मागं पडेपर्यंत मागच्या खुर्च्याच तेवढ्या बोलत होत्या.

धर्मापुरी

रात्र अंबाजोगाईत काढून दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मापुरीत उतरलो आणि सरांचं घर सोडून देवळाकडं वळलो. भित्र्या माणसाला पर्यटनाची फार आवड असते. देऊळ खरोखर बघण्याजोगं आहे. बाहेरच्या भिंतीवर दगडातल्या बायकांची रांग आहे. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात. त्यांतली एक पाठमोरी वळून काहीतरी लिहीत उभी आहे. शेकडो वर्षं ती तेच लिहिते आहे आणि तिच्या हाताखालचं ठिगळ कुणी गॅस संपला म्हणून काढून नेलेलं नाही. तिच्यापुढं फार वेळ उभं राहवेना.

सरांच्या अंगणात दोन बाजा शेजारीशेजारी टाकलेल्या, नवारीच्या, रुंद पट्ट्यांच्या. सर एका बाजेच्या कडेला बनियनवर बसलेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात चिंचा फोडत होत्या. एका बाजूला गर, एका बाजूला चिंचोके. मी फाटकातून आत आलो. तोंड उघडायच्या आधीच सर म्हणाले, “दोनी चपला निराळ्या वाजतेत. शाळंतबी अशाच वाजायच्या. अनंता का बे?”

“जय भीम, सर.”

“जय भीम. ये. शांता, पानी आन. चिपळूनचा अनंता आला.”

सहा वर्षं कुठं होतास, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आधी जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी, जी पिताना कानातून वाफ निघते आणि तरी थांबवत नाही. आमच्याकडं पाहुण्याला ‘अजून घ्या’ असं एकदा म्हणतात आणि तो ‘नको’ म्हणाला की यजमानाचा जीव भांड्यात पडतो. इथं ‘नको’ला काही अर्थ नाही. तिसऱ्या भाकरीला मी ताटावर हात आडवा धरला. काकूंनी भाकरी हातावर ठेवली.

हात धुतल्यावर सर म्हणाले, “चल, खेळ दाखवतो. डोळ्यानं वही दिसत न्हाई आता, बोटानं बाज दिसती.”

नवारीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे चौकोन बोटाला लागतात. प्रत्येक चौकोन एक घर. चिंचोका ठेवला तर घर भरलेलं, नाहीतर रिकामं. नियम तोच, मैदानातल्या टोप्यांचा: चार शेजाऱ्यांत विषम भरलेले तर आपण भरायचं. एका बाजेवर वाचायचं, दुसरीवर मांडायचं, मग उलट. पहिली आकृती मांडायचं काम सरांनी मला दिलं. ते सांगत होते आणि मी ठेवत होतो; माझं लक्ष मात्र बाजेखालच्या लोखंडी पेटीकडं होतं. वह्या तिच्यातच असणार.

चार डाव व्हायला तास लागला. काकू चिंचा सोडून आल्या आणि आम्हा दोघांपेक्षा भराभर मोजू लागल्या. शेवटच्या डावाला मधली जागा रिकामी झाली आणि चार बाजूंना चार आकृत्या उभ्या राहिल्या. हे कसं होतं ते मी मुलांना फळ्यावर शिकवतो. तरी अंगावर काटा आला. सरांनी एकेक आकृती बोटांनी वाचली. पहिलीवर बोट थांबलं.

“ह्यो येक जास्तीचा हाय.” दुसरीवर गेले. “हितंबी.” तिसरी, चौथी. “चारी ठिकानी.”

“मांडताना माझीच चूक झाली, सर.”

“ती तर झालीच. पन बग, चूकबी किती इमानानं उतरली! ह्या नियमाला बरं-वाईट कळत न्हाई. आरसा हाय त्यो, म्होरं यील ते दावतो. माझं यंत्र असं न्हवतं. त्याच्या पोटात त्याची सोताची कुंडली होती. ती दोनदा वापरायची. येकदा हुकूम म्हनून पाळायची अन् लेकरू बांधायचं. दुसऱ्यांदा अर्थ न बघता नुसती उतरवायची अन् लेकराच्या पोटात ठिवायची. अन् वर कुठलाबी हिशोब घाल, करनार.” त्यांनी चिंचोक्यावरचं बोट उचललं. “म्हंजी, केला असता. कुठंतरी चुकलं माझं. तूच कळवलंस न्हवं का.”

“तीन डाव वाचून दाखिवल्या मी त्येन्ला अकराच्या अकरा वह्या,” काकू म्हणाल्या. “शून्य, शून्य, चार, सात... चौथी शिकल्याली बाई मी. झोपंतबी आकडे म्हनायची. चूक काय घावली न्हाई.”

“तुझ्या टायपिंगमदी असंल, असं म्हनत होती ही,” सर म्हणाले. “मी म्हनलं, अनंता उतरवून घेताना चुकायचा न्हाई. इद्यार्थी कुनाचा हाय?”

मी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून तुकडा काढला आणि सरांच्या तळहातावर ठेवला. मग ठिगळाचं सगळं सांगितलं. गॅससुद्धा. मी गोष्टी रंगवून सांगणारा माणूस आहे, पण ही मला रंगवता आली नाही.

सर अंगठ्यानं तुकड्याची कड चाचपत होते. “खळ,” ते म्हणाले. “ज्वारीच्या पिठाची. मीच लावलीती.” मग एकदम, “म्हंजी बरोबर होतं?”

“हो सर.”

“शांता, ऐकलंस का? यंत्र बरोबर होतं. बरोबर होतं यंत्र.” त्यांचा चेहरा असा झाला की मला उन्हाचं निमित्त करून दुसरीकडं बघावं लागलं. “बरोबर होतं की बे!”

मला हुरूप आला. म्हटलं, सर, आजच सगळ्या पानांचे फोटो घेतो, ठिगळाची जागा सांगा, महिन्याभरात यंत्र चालवून मोठ्या पडद्यावर दाखवायला घेऊन येतो. मीच वाकून पेटी ओढली. काकू “आवं...” म्हणाल्या.

अकरा वह्या होत्या. मी पहिली उघडली. आकडे होते, पण वेगळे, थरथरते, एकमेकांवर चढलेले. दुसरी तशीच. तिसरी कोरी. चौथी कोरी. कोरी म्हणजे नवी नव्हे. पानं करडी आणि मऊ पडलेली, धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखी. मी पान उन्हात तिरपं धरलं. काही वळ दिसतात का बघितलं. सरांचा हात पहिल्यापासून हलका.

“पुसल्या की,” सर म्हणाले. “चूक घावंना, म्हनलं नियमातच खोट असंल. नवं मांडावं. अन् असल्या बारीक चौकटीच्या वह्या आता कुठं मिळतेत? दोन भरल्या, मग डोळं गेले.”

“खोडरबराचा भुगा मी सुपानं उचलला,” काकू म्हणाल्या.

“सगळं पुसलंत, सर?”

“ठिवून काय करायचं? तुझ्याकडं कापी हायच की.” सरांनी ठिगळ माझ्याकडं धरलं. “ह्ये घे, लाव जागंवर. हाय न्हवं कापी?”

दुकानदाराचा चेहरा डोळ्यापुढं आला. गाणी आहेत, म्हणालो होतो. गाणीसुद्धा नव्हती.

“आहे, सर,” मी म्हणालो.

परत

काकू मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. हातात चिंचेच्या गोळ्यांची पिशवी होती. ती माझ्याकडं देताना त्या म्हणाल्या, “त्येंची नजर गेली, बाबा. माझी चांगली हाय.”

मी खाली बघितलं.

“न्हाई न्हवं कापी?”

“नाही, काकू.”

रस्त्यावरून एक बैलगाडी कडबा घेऊन गेली. ती लांब जाईपर्यंत त्या थांबल्या. “सा वर्सं त्यो मानूस आपलंच चुकलं म्हनून बसला हुता. आज दोन घास जास्ती जेवला. आता खोटं बोललाव तर नीट बोला. दर आयतवारी फोन करा. अन् लवकर संपवू नका.”

तेव्हापासून दर रविवारी मी फोन करतो. सर विचारतात, कुठवर आलं? मी सांगतो, डावी भिंत झाली सर, आता कुंडली वाचतंय. संगणक हळू आहे, सर. मागच्या रविवारी काय सांगितलं ते विसरू नये म्हणून एक चौकटीची वही आणली आहे आणि तिच्यात माझं खोटं पेन्सिलीनं, तारखेवार उतरवून ठेवतो. एका खोट्याला पुढच्या आठवड्यात दुसरं होतं. त्याला माझी फारशी मदत लागत नाही.

परवा सर अडले. “सात? तितं सात यायचा न्हाई. चार असंल. नीट बग.” मी बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, हो सर, चारच आहे. फोन ठेवल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर एक चौकोन आखला आणि त्यात चार लिहिला. ठिगळावरचे आकडे सोडले तर अकरा वह्यांपैकी आता हे एक घर माझ्याकडं आहे. सरांना किती घरं पाठ आहेत मला माहीत नाही. त्यांचं वय माहीत आहे, माझंही आहे, आणि भागाकार मला येतो. तो मी करत नाही.

हा प्रवास लिही, असं सरांनीच मला सांगितलं. त्यांच्या गावाबद्दल कुणी बरं काही लिहीत नाही, अशी त्यांची जुनी तक्रार. छापून आलं की काकू अंगणात बसून वाचून दाखवतील. एक्स्चेंजमध्ये दिलेल्या संगणकाच्या ओळी गाळतील. लिंबागणेशच्या चपला वाचतील, सर हसतील. उत्तमच्या खुर्च्या वाचतील. दगडातली बाई, येसराची आमटी, चिंचोके, ठिगळ, ‘बरोबर होतं की बे’ हे बहुतेक दोनदा वाचतील. पेटीपाशी आल्या की काकू थांबतील आणि पान मिटतील. मी त्यांना विचारलंय.

सर म्हणतील, “येवढंच?”

“येवढंच हाय,” काकू म्हणतील.